गाडी आधी की मंजूर भार आधी?



गावात बैठकीला गेलो की पूर्वी बियाणे, खत, फवारणी एवढेच विषय निघायचे. आता ते बोलून झाले की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, विजेवरची चारचाकी घ्यायचं म्हणतोय. घरी चार्जर बसवायला किती दिवस लागतात हो?" प्रश्न आमच्या खात्याचा नाही. पण मोटार, स्टार्टर, केबल आणि डीपी यांच्याशी आपला रोजचाच संबंध आहे. म्हणून नीट माहिती काढली, ती तुमच्यापुढे ठेवतो.

सरळ उत्तर असे. भिंतीवर चार्जर बसवण्याचे काम तीन-चार तासांचे आहे. त्याआधी मीटरपासून नवी वायर ओढणे आणि अर्थिंग करणे यात एक-दोन दिवस जातात. मंजूर भार वाढवून घ्यायला खेड्यात नियमाने १५ दिवसांची मुदत आहे. आणि मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर १५ दिवसांची मोजणी सुरू व्हायच्या आधीच कागदपत्रांत महिना-दोन महिने जाऊ शकतात. उशीर होतो तो चार्जरमुळे नाही, कागदामुळे आणि भारामुळे होतो.

आता हा भार म्हणजे काय ते बघा. गाडीसोबत येणारा साधा चार्जर १५-१६ अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि साधारण ३.३ किलोवॅट ओढतो. आपल्या हिशोबाने ही साडेचार एचपीची मोटार झाली. भिंतीवरचा मोठा चार्जर ७.२ किलोवॅटचा असतो, म्हणजे जवळजवळ दहा एचपी. विहिरीवर दहा एचपीची मोटार बसवताना आपण केबल किती जाडीची, स्टार्टर कुठला, डीपीवर जागा आहे का, हे दहा ठिकाणी विचारतो. तेवढाच भार घरात रात्रभर चालणार, तर तो टीव्हीच्या वायरवर कसा चालेल? विजेचे बिल हातात घ्या. त्यावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तिथे एक किलोवॅट लिहिले असेल, तर लहान चार्जरसुद्धा त्यात बसत नाही.

दुचाकीवाल्यांनी मात्र घाबरून जायचे कारण नाही. बहुतेक विजेच्या स्कूटरचा चार्जर एक किलोवॅटच्या आतला असतो. अर्थिंग असलेला चांगला प्लग पुरतो.

मोठा चार्जर घेण्याआधी आणखी एक गोष्ट विक्रेत्याला विचारा. गाडी किती वेगाने वीज घेणार हे गाडीच्या आत बसवलेल्या चार्जरवर ठरते. तो ३.३ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर ७.२ चा डबा लावून गाडी लवकर भरणार नाही. पैसे मात्र जातील. २४ युनिटची बॅटरी लहान चार्जरवर रिकामी ते भरलेली व्हायला आठ-नऊ तास लागतात. रात्री लावून सकाळी नेणाऱ्याला एवढे पुष्कळ झाले. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला रोज ये-जा करणारे आपल्यात किती? ज्याचे फिरणे तालुक्यापुरते आहे, त्याने मोठ्या चार्जरच्या मागे लागू नये.

आता मुदतीचे. वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये केले. त्यात नवी जोडणी देणे किंवा असलेल्या जोडणीत बदल करणे यासाठी ग्रामीण भागाला ३० दिवस होते. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने ते १५ दिवसांवर आले. नांदेड, लातूरसारख्या शहरांना ७ दिवस. विजेच्या गाडीसाठी कोणी वेगळी जोडणी मागितली तर तीही द्यावी, हे याच दुरुस्तीत आले. वेगळी जोडणी घ्यायलाच पाहिजे असे मात्र नाही. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर घरगुती दराने चार्ज करता येते. फक्त युनिट वाढले की शंभर, तीनशे, पाचशे असे दराचे टप्पे चढतात, हे धरून हिशोब करावा.

या १५ दिवसांत मेख कुठे आहे? दिवस मोजले जातात ते अर्ज पूर्ण झाल्यापासून. परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट नाही, नावात फरक आहे, मागची थकबाकी आहे, की अर्ज अपूर्ण. शिवाय नवी लाईन ओढावी लागत असेल किंवा डीपीची क्षमता वाढवावी लागत असेल, तर १५ दिवसांचा हिशोब तिथे लागू पडत नाही, मुदत वाढते. एका गावात असेच झाले. पाडव्याला गाडी दारात आली, पूजा झाली, पेढे वाटले. मीटर आजोबांच्या नावावर. वारसांची संमती, नमुना आठचा उतारा, नाव बदलणे हे सगळे होईपर्यंत मृग निघाला. तोवर गाडी तालुक्याला पाहुण्याच्या घरी चार्ज होत होती.

अशा वेळी माणूस आडमार्ग शोधतो. सगळ्यात जवळचा आडमार्ग म्हणजे शेतातली जोडणी. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना आहे, मग गाडी तिथेच लावली तर काय बिघडले, असे वाटते. बिघडते. जी वीज पंपासाठी दिली ती दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. आकडा टाकणे तर सरळ चोरी, कलम १३५. फुकटच्या विजेपायी गाडीचा हप्ता आणि दंड दोन्ही भरायची पाळी येईल.

दुसरी गोष्ट जिवाची. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यातली माती सुकून अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी होते. गाडीचा चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. मग कोणी हुशार मिस्त्री न्यूट्रलचीच तार अर्थिंगला जोडून देतो. हे कधीही करू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि गाडीला पहिला हात लेकराचा लागतो. वेगळा खड्डा, त्याला उन्हाळाभर पाणी, लहान चार्जरला ४ आणि मोठ्याला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि करंट गळाला की लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यात काटकसर नको. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर औसा, निलंगा भागात उभी राहिलेली पुनर्वसनाची घरे आता तीस वर्षे जुनी झाली. ज्यांची वायरिंग तेव्हाचीच आहे, त्यांनी आधी ती तपासून घ्यावी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. गावठाणात ६३ केव्हीएची डीपी असेल आणि पाच घरांत ७.२ चे चार्जर एकाच वेळी लागले, तर ३६ किलोवॅट म्हणजे निम्म्याहून जास्त डीपी तिथेच संपली. त्या रात्री बाकीच्या घरांतले पंखे मंदावतील आणि भांडण तुमच्या दारात येईल. आज गावात एखादी गाडी असेल, तरीही आत्ताच यादी करा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि महावितरणच्या उपविभागाला डीपीच्या क्षमतेबद्दल लेखी कळवा. मीटर जुन्या नावावर असलेल्या घरांचे उतारे वेळेत दिलेत, तर लोकांचे निम्मे दिवस तुमच्याच टेबलावर वाचतील.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी बिलावरचे नाव आणि मंजूर भार बघा. नाव बदलायचे असेल तर ते पहिले. मग वायरिंग, अर्थिंग आणि टेस्ट रिपोर्ट. मग भारवाढीचा अर्ज, आणि त्याची तारखेसह पोच. ती पोच जपून ठेवा, कारण पुढचे १५ दिवस त्याच कागदावरून मोजायचे आहेत. मुदत उलटली तर १९१२ वर तक्रार नोंदवा, उपविभागाला लेखी द्या, त्यानेही भागले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. गाडीची नोंदणी या सगळ्यानंतर.

दसऱ्याला गाडी आणायची असेल, तर अर्ज पोळ्याच्या आत गेला पाहिजे. पेरणीआधी रान तयार करायचे असते, हे तुम्हाला मी काय सांगावे?