मधे उतरावे लागणार नाही ना?



व्यापाऱ्याच्या घरात कोणतीही बातमी आली की तिचे आधी वजन होते आणि मग स्वागत. 2025 च्या जुलैमध्ये इंडिगो कंपनीने मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅम्स्टरडॅम या दोन शहरांसाठी थेट विमानसेवा सुरू केली, तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात हेच घडले. आमच्या आत्याबाईंचे चिरंजीव गेली अनेक वर्षे लेस्टरला स्थायिक आहेत. मँचेस्टरहून लेस्टर मोटारीने दोन-अडीच तासांवर. त्यांनीच फोनवर ही वार्ता कळवली, आणि एकाच वार्तेवर घरातल्या चौघांचे चार अभिप्राय ऐकायला मिळाले.

शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या पुतण्याने विचारले, ‘‘सामान किती किलो नेता येईल?’’ वहिनींनी विचारले, ‘‘भाडं किती?’’ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत करण्यात ज्यांची हयात गेली, ते आमचे काका म्हणाले, ‘‘नवं दुकान तीन दिवाळ्या टिकलं, की मगच त्याच्याशी उधारीचा व्यवहार धरावा. विमानाचंही तसंच.’’ आत्याबाईंनी मात्र एवढेच विचारले, ‘‘मधे उतरावं लागणार नाही ना?’’

या प्रश्नामागे सहा वर्षांपूर्वीची एक रात्र आहे. लेस्टरहून परतताना आखातातील एका विमानतळावर त्यांना विमान बदलायचे होते. ऐन वेळी दरवाजा बदलला. चाकांची खुर्ची ढकलणारा सेवक त्यांना एका कोपऱ्यात बसवून गेला, तो दोन तास फिरकलाच नाही. घोषणांची भाषा कळेना. दुसऱ्या विमानात त्यांचे जैन भोजन चढलेलेच नव्हते. पिशवीतल्या चार खाखऱ्यांवर आणि पाण्यावर त्यांनी प्रवास पुरा केला. तक्रार केली नाही. पण त्यानंतर लेस्टरचे नावही काढले नाही. त्या मंडळींनीच दोन-तीन वर्षांनी इकडे यायचे, असा शिरस्ता पडला. धाकटी नात तर त्यांनी फोनच्या पडद्यावरच मोठी होताना पाहिली. ज्येष्ठांच्या दृष्टीने थेट विमानाचे मोल वाचलेल्या तासांत नसते, ते टळलेल्या भीतीत असते.

तरीही काकांची शंका निराधार नव्हती. मुंबई–मँचेस्टर ही वाट यापूर्वीही उघडली होती. जेट एअरवेजने 2018 च्या नोव्हेंबरात ती सुरू केली आणि 17 एप्रिल 2019 रोजी त्या कंपनीचीच सारी उड्डाणे थांबली. म्हणजे तिने दिवाळी पाहिली ती एकच.

लांब पल्ल्याची विमानसेवा चालवणे हा व्यवहारच नाजूक. इंडिगोचा व्याप मुख्यतः छोट्या विमानांचा. या दोन मार्गांसाठी तिने नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिक कंपनीकडून बोइंग 787 जातीची मोठी विमाने भाड्याने घेतली. भाडे डॉलरमध्ये, इंधनाचा भावही जागतिक बाजाराचा. त्यातच एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. वळसा पडला की तास वाढतात, तास वाढले की इंधन वाढते. आरंभी या फेऱ्या आठवड्यातून 3 दिवसच ठेवल्या होत्या, यातच कंपनीचा सावधपणा दिसतो. सुट्यांच्या हंगामात विमान भरतेच. पण फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी किती खुर्च्या रिकाम्या राहतात, यावर मार्गाचे आयुष्य ठरते. आडतीच्या धंद्यात तरी वेगळे काय असते?

आपल्या समाजाला या दोन्ही वाटांचे अगत्य आहे. लेस्टरच्या जैन केंद्रात 1988 साली प्रतिष्ठा झाली. एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभ्या राहिलेल्या या केंद्रात श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी या सर्वांना स्थान आहे. पूर्व आफ्रिकेतून उखडून आलेल्या अनेक कुटुंबांनी त्या शहरात पुन्हा दुकाने थाटली. अ‍ॅम्स्टरडॅमची वाट तशी अगदी नवी नाही. परंतु तिथून जलद रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर अँटवर्प आहे, आणि तिथल्या हिऱ्यांच्या पेढ्यांशी मुंबई-सुरतेचे नाते सर्वश्रुत आहे. हिऱ्याच्या व्यापाऱ्याला आणखी एक पर्याय हवाच असतो. एकच वाट असली की भाव एकाच्याच हाती राहतो.

मग करावे काय? काकांचा सावधपणा आणि आत्याबाईंची निकड, दोहोंना न्याय मिळेल असे काही नियम आम्ही घरात बसून ठरवले. थेट विमान नसेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिले विमान रखडून दुसरे चुकले तर भुर्दंड आपल्याच माथी. जैन भोजन आणि चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवावी. भोजनासाठी बहुतेक कंपन्यांना किमान 24 तासांची पूर्वसूचना लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्हींची फोनवरून पुन्हा खात्री करावी. आणखी एक गोष्ट आत्याबाईंना फार लागली: आपल्याकडून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवायची.

शेवटी प्रश्न उरला तो काकांच्या तीन दिवाळ्यांचा. आत्याबाई त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘अण्णा, तुझा हिशेब दुकानापुरता बरोबर आहे. पण तीन दिवाळ्या उधार द्यायला मी कुणाकडे मागू?’’

काका काही वेळ बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, ‘‘चार पैसे जास्त पडले तरी चालतील, पण तारीख बदलता येईल असंच तिकीट काढ. आणि आक्काचा परतीचा दिवसही आत्ताच ठरव.’’

निघण्याच्या दिवशी आत्याबाईंची बॅग घरातल्या काट्यावर मोजून झाली होती. तरीही काकांनी ती उचलून दुकानात नेली, आडतीच्या मोठ्या काट्यावर ठेवली, दोनदा आकडा पाहिला, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीत स्वतःच्या हाताने चढवली.