फार्मासिस्ट खिडकीमागेच का?

‘वॉर्डात फार्मासिस्टचं काय काम?’ हे वाचकपत्र वाचून राहवलं नाही. आई दवाखान्यातून घरी आली, तेव्हा जुन्या गोळ्यांत नव्यांची भर पडली. पाकिटांवरची नावं निराळी, आत दोन्हींत साखर उतरवणारं ग्लिमेपिराइडच. तिसऱ्या पहाटे ती घामानं चिंब, बोलणं असंबद्ध, साखर ४८! डॉक्टरांना दोष देत नाही, ओपीडीची रांग मीही पाहिली आहे. पण सुट्टी देताना पिशवी उलटी करून एकेक पाकीट वाचणारं माणूस हवं होतं. त्यासाठीच तर २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आहे. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या वॉर्डांपासून फार्मासिस्टची पदं भरायला सुरुवात करा.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)