सक्ती मार्कांची, सक्ती ग्रेडची

एक छोटीशी टेस्ट. दहावीला गणितात किती मार्क होते? पटकन आठवलं ना? आता सांगा, त्याच मार्कशीटवर शारीरिक शिक्षणापुढे कुठली ग्रेड होती?

शांतता! अहो, सक्तीचे तर दोन्ही विषय होते.

जरा रिवाइंड करू. 2000 पासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी आलं, म्हणजे आपल्यातले बरेच जण त्या पहिल्यावहिल्या बॅचेसचे. चौथीत शिवाजी महाराज, पाचवीत हिंदी. दहावीत गणित, विज्ञान, समाजशास्त्राचे दोन-दोन भाग आणि डोक्यावर बोर्ड. अकरावीत आर्ट्स घेतलं की गणिताला टाटा, सायन्स घेतलं की इतिहासाला. सगळ्यांच्या वाट्याला उरते फक्त इंग्रजी... आणि हो, पर्यावरण अन् पीटी. ते मात्र कुणी मोजतच नाही.

मला वाटतं, आपल्याकडे सक्ती दोन प्रकारची असते. मार्कांची आणि ग्रेडची. मार्कांच्या सक्तीला क्लास, गाइड, टेन्शन सगळं मिळतं. ग्रेडच्या सक्तीला मिळतो वेळापत्रकातला एक चौकोन. तोही गणिताचे सर पोर्शन संपवायला मागून घेतात!

बरं, दोष फक्त सरांचा नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा उघडून बघा. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक. वाडीवस्तीवरच्या शाळेत शंभर मुलं आणायची कुठून? म्हणजे विषय सक्तीचा, शिक्षक मात्र ऑप्शनला.

मी नगरची. जिल्हा 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालाय, आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय. बालभारतीनं तिसरीसाठी जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं पुस्तक काढलं, त्यात आमच्या जिल्ह्याचंही होतं. मस्त कल्पना! कारण आमचा जिल्हा म्हणजे पाण्याचा चालताबोलता धडा. उत्तरेला प्रवरा-मुळेचे कालवे, ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतला उन्हाळ्यात टँकरची वाट. हा फरक का, हे खरं तर पुढच्या प्रत्येक इयत्तेत शिकायला हवं. पण तिसरी संपली की जिल्हाही संपतो.

पर्यावरण सगळ्यांना शिकवा, असं सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच सांगितलं. अकरावी-बारावीला विषय आलासुद्धा, आणि त्याची प्रोजेक्ट्स झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागली. मग नववी-दहावीला 'जलसुरक्षा' आली. तीही ग्रेडचीच!

आता नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे गाव पाऊस मोजतं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. जास्त पाणी पिणारा ऊस नको, शेतीला बोअरचं पाणी नको, हे गावानंच ठरवलं. बेरीज, वजाबाकी, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एकाच ताळेबंदात. बोर्डाच्या पेपरात ते दहा मार्कांना येईल का?

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून केवढा गदारोळ झाला, आठवतंय? 16 एप्रिलला जीआर, 17 जूनला सुधारित जीआर, 29 जूनला दोन्ही रद्द. भाषेसाठी भांडायलाच हवं, पहिलीतल्या पोराच्या पाठीवर किती लादायचं हा प्रश्न खराच आहे. पण जे विषय आधीपासून सक्तीचे आहेत ते वर्गात खरंच शिकवले जातात का, यावर एखादा प्राइम टाइम होऊ द्या की!

कारण बिल शेवटी आपल्यालाच येतं, बॉस. शाळेत फुकट असलेला पीटीचा तास आज आपण जिमची फी भरून करतोय. जलसुरक्षेचा धडा सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये 'टँकर चार्जेस' म्हणून वाचतोय. सहामाहीला ऑप्शनला टाकलेले प्रश्न तिशीत कंपल्सरी होऊन आलेत.

तेव्हा घरातलं कुणी यंदा दहावीला असेल, तर 'किती टक्के पडतील?' नंतर एक प्रश्न अजून विचारा. 'तुमच्या गावात यंदा पाऊस किती झाला रे?' उत्तर येत नसेल, तर दोघं मिळून शोधा. ग्रेड मिळणार नाही, पण धडा होईल.