प्रतिजैविकांची गरजच घटवावी

जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना, म्हणजे प्रतिजैविकांना, न जुमानण्याची क्षमता जिवाणूंमध्ये निर्माण होते तेव्हा तिला प्रतिजैविकरोध म्हणतात. औषधाचा प्रत्येक वापर, तो योग्य असो वा अयोग्य, दुबळ्या जिवाणूंचा नाश करून चिवट जिवाणूंना मोकळे रान देत असतो. म्हणून केवळ नवी औषधे शोधून हा रोध आटोक्यात येत नाही. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या कारणाने झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. तरीही सार्वजनिक चर्चा बहुधा डॉक्टरांना आणि रुग्णांना संयमाचा उपदेश करण्यापाशीच थांबते.

उपदेशाहून परिणामकारक मार्ग आहेत. इंग्लंडमध्ये २०१४ साली, प्रतिजैविके सर्वाधिक लिहून देणाऱ्या दवाखान्यांतील डॉक्टरांना मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचे पत्र गेले. तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्याहून कमी प्रतिजैविके देतात, एवढी तुलना त्यात होती. दंड वा धमकी नव्हती. पत्र न मिळालेल्या दवाखान्यांच्या तुलनेत तेथील वापर सहा महिन्यांत ३.३ टक्क्यांनी घटला. मात्र अशा उपायांनी अनावश्यक वापरच कमी होतो. संसर्ग खरोखर झाला असेल तर औषध द्यावेच लागते. म्हणून मूलगामी उपाय संसर्ग टाळण्याचाच होय.

नॉर्वेतील सॅमन माशांच्या शेतीत १९८७ साली सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली होती. जिवाणूजन्य रोगांवरील परिणामकारक लसी आल्या, त्या पिल्लांना टोचण्याची पद्धत रूढ झाली, आणि उत्पादन अनेक पटींनी वाढूनही प्रतिजैविकांचा वापर पूर्वीच्या पाच टक्क्यांहूनही खाली आला.

माणसांच्या बाबतीत हेच तत्त्व विषमज्वराला, म्हणजे टायफॉइडला, लागू पडते. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या विषमज्वराच्या जिवाणूंवर नेहमीची बहुतेक औषधे निष्प्रभ ठरली आणि तोंडावाटे देण्याजोगे ॲझिथ्रोमायसिन हेच प्रमुख औषध उरले. त्यावर पाकिस्तानने २०१९ साली संयुग्मित लस नियमित लसीकरणात आणली. जिवाणूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून ही लस तयार करतात, त्यामुळे तान्ह्या मुलांमध्येही टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण होते. त्याआधी, २०१८ साली, नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी या लसीची मोहीम हाती घेऊन पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देण्याचा जगातील तो पहिला प्रयत्न होता, आणि तो महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेने केला, ही गोष्ट राज्याने अभिमानाने आणि जबाबदारीनेही लक्षात ठेवायला हवी.

लस, शुद्ध पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांवरील खर्च आज आरोग्याच्या व बांधकामाच्या वेगवेगळ्या खात्यांत विभागला जातो. प्रत्यक्षात तो सर्व प्रतिजैविके वाचवण्यासाठीच केलेला खर्च असतो. प्रतिजैविकरोधाच्या प्रत्येक कृती आराखड्यात या कामांना औषधनियंत्रणाच्या बरोबरीचे स्थान आणि निधी मिळायला हवा, कारण जे मूल आजारीच पडत नाही, त्याच्यासाठी एकही प्रतिजैविक खर्ची पडत नाही.