गुडघेदुखीची पुडी आणि हाडे



भातलावणी आटोपली की आठवडी बाजारात गुडघेदुखीच्या पुडीला गिऱ्हाईक वाढते. दोन दिवसांत दुखणे थांबते, भूक सपाटून लागते, चेहरा भरतो. घरची माणसे म्हणतात, "औषध मानवले." मला मात्र असे एकाएकी भरलेले गाल पाहिले की शंका येते.

अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. औषध मुळात वाईट नाही. १९४८ साली अमेरिकेत संधिवातावर ते प्रथम वापरले, १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, मोजूनमापून घ्यायचे.

आपले हाड रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरते. स्टेरॉइडमुळे भरण्याचे काम मंदावते. खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून कमी शोषले जाते, लघवीवाटे जास्त जाते. वर्षानुवर्षे पीक काढायचे आणि शेणखताची एक पाटीही टाकायची नाही, तसेच हे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झीज सर्वांत वेगाने होते आणि ती दुखत नाही. एखाद्या दिवशी कळशी उचलताना मणका दबतो, तेव्हा कळते.

वाढलेले थायरॉइड, मूत्रपिंडाचा जुना आजार, दारू, तंबाखू यांनीही हाडे पोकळ होतात. पाळी जाण्याआधीच अंडाशये काढली तरी तेच. बीडकडील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता. कोणी "पिशवी काढा" म्हटले, तर अंडाशये राहणार का, हे आधी विचारा.

नाचणी, तीळ, दूध जरूर खा; पण पुडी चालू ठेवून नुसत्या भाकरीने ही तूट भरत नाही.

मात्र हे वाचून पुडी आजच उकिरड्यावर फेकू नका! बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडले तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या घेऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किती दिवस घेतल्या ते सांगा. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतील. पुडी देणाऱ्याचे नाव सांगायला संकोच वाटला तर सांगू नका, पण पुडी न्याच.