पुस्तक लिहून झाले, पुढे काय?

दिवाळी अंकासाठी या सदरात काहीतरी खुसखुशीत लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हा माझ्या डोक्यात चकल्या नव्हत्या, कॉपीराइटचा कायदा होता. वर्षभर हे सदर वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच की, गेली अडीच वर्षे मी एक पुस्तक लिहीत होते. संगणकाचा प्रोग्रॅम कसा लिहावा हे मराठीतून शिकवणारे पुस्तक. त्यासाठी निवडलेली संगणकाची भाषा पायथन. तंत्रनिकेतनात तीस वर्षे हेच शिकवले. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला उत्तर येत असते, पण इंग्रजी शब्दाशी अडखळून ते पोर गप्प बसते, हे दरवर्षी पाहिले. निवृत्त झाल्यावर म्हटले, आता निमित्त सांगायला जागा नाही. ‘व्हेरिएबल’ म्हणजे चिठ्ठी लावलेला डबा आणि ‘लूप’ म्हणजे फेरा, इथपासून सुरुवात केली आणि ऐन श्रावणात शेवटचे पान हातावेगळे झाले.

मला वाटले, सुटले! पण पुस्तक लिहिणे एक आणि ते जगाला देणे दुसरे.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित पाहून आपण होऊन विचारणा केली. माणूस सज्जन, बोलणे गोड. एकरकमी चाळीस हजार रुपये देऊ म्हणाले. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा किती वर्षे झाली बदलायचा आहे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना चाळीस हजारांचा अर्थ कळेल. करारपत्र घरी आले. आमच्याकडे हे बँकेतून निवृत्त झालेले. कागद समोर आला की आधी चष्मा पुसतात, मग बारीक अक्षरातला मजकूर वाचतात आणि ठळक अक्षरातला सर्वांत शेवटी.

“अगं, सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क, आणि तेही कायमचे,” हे म्हणाले. “कायमचे म्हणजे किती, ते ठाऊक आहे का तुला?”

मला अंदाजाने ठाऊक होते. यांनी हिशेब मांडूनच दाखवला. आपला कायदा १९५७ चा. लेखकाचा हक्क त्याच्या हयातभर आणि पुढे साठ वर्षे टिकतो. पूर्वी ती पन्नास होती, १९९२ साली साठ केली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून कोणालाही छापता येते. मी आज त्रेसष्ट वर्षांची. पंच्याऐंशीपर्यंत जगले असे धरले (हे यांचे औदार्य!), तर आज सहा वर्षांची असलेली आमची नात अठ्ठ्याऐंशी वर्षांची होईपर्यंत त्या पुस्तकाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. गंमत अशी की, करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इथे दोन्ही अगदी आठवणीने लिहिले होते.

कथा-कादंबरीचे एक वेळ चालेल. ‘रुचिरा’ १९७० साली आली. त्यातले वाटीचे माप आजही चुकत नाही, कारण गेल्या पन्नास वर्षांत हरभऱ्याच्या डाळीने आपला स्वभाव बदललेला नाही. संगणकाचे पुस्तक मात्र दुधासारखे नासते. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ साली आली आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. दुसरीत ‘प्रिंट’ असा शब्द लिहून पुढे मजकूर दिला की तो पडद्यावर उमटे. तिसरीत त्याच मजकुराला कंस घालावा लागतो. एवढाच फरक! पण जुने पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाचा पहिल्याच धड्यातला पहिलाच प्रोग्रॅम अडतो, आणि त्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही. पुस्तकात कंस घालायला पाच मिनिटे लागतात. पण तो घालायचा अधिकार कोणाला? लेखिका वारली, प्रकाशकाने दुकान बंद केले, की तो कंस साठ वर्षे तसाच राहायचा.

म्हणून मी दुसऱ्या लोकांनी काय केले ते पाहू लागले. ॲलन डाउनी नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक आहेत. १९९९ च्या जानेवारीत त्यांना जावा ही भाषा शिकवायची होती. मनासारखे पुस्तक मिळेना, तेव्हा रोज एक प्रकरण याप्रमाणे तेरा दिवसांत त्यांनी स्वतःच लिहून काढले, झेरॉक्स करून बांधून घेतले आणि कोणीही नक्कल करावी, कोणीही बदल करावा, अशा परवान्याखाली सोडून दिले. व्हर्जिनियातील जेफ एल्कनर या शाळामास्तरांनी ते उचलले आणि त्यातली जावा काढून पायथन घातली, लेखकाला न विचारता, कारण विचारायची गरजच ठेवलेली नव्हती. मग ती प्रत त्यांनी डाउनींकडे धाडली. डाउनी पायथन शिकले ते अशा रीतीने, स्वतःच्याच पुस्तकातून! पुढे २०१२ साली ओरायली या नामांकित संस्थेने ‘थिंक पायथन’ या नावाने ते छापले आणि तरीही ते इंटरनेटवर फुकट वाचता येते. आपल्याकडे बंगळूरच्या स्वरूप सी. एच. यांचे ‘अ बाइट ऑफ पायथन’ही असेच खुले, लोकांनी आपण होऊन ते परक्या भाषांत नेले.

हे वाचले आणि माझा ओटा डळमळू लागला.

आता हे परवाने म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाची संस्था २००१ साली अमेरिकेत निघाली. हक्क लेखकाकडेच ठेवून इतरांना काय काय करू द्यायचे, हे आधीच जाहीर करण्याचे मसुदे तिने तयार करून दिले. अटी मोजून चार: माझे नाव द्या, बदल केलात तर तेही याच अटींवर खुले ठेवा, पैसे मिळवण्यासाठी वापरू नका, बदलच करू नका. नावाची अट सर्वांत असतेच, बाकीच्या जुळवून सहा परवाने होतात. ‘बदलच करू नका’ ही अट माझ्या कामाची नव्हतीच. कंसाचे रडगाणे आत्ताच गायले. घोडे अडले ते पैशांच्या अटीवर.

“ती अट घाल,” हे म्हणाले. “नाहीतर उद्या कोणी क्लासवाला तुझी पाने वाटून पोरांकडून हजारोंनी फी घेईल आणि तू इथे जुन्याच ओट्यावर पोळ्या लाटशील.”

वाक्य जिव्हारी लागणारे होते, आणि खोटेही नव्हते. मी दोन दिवस गप्प होते. पण मला क्लासवाल्यापेक्षा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला जास्त दिसत होता. माझे पुस्तक गावातल्या मुलापर्यंत जायचे ते त्याच्याच यंत्रातून, आणि तो पानामागे रुपया-दोन रुपये घेणारच. त्याने का घेऊ नयेत? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर बड्या विलायती प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल दुकानाच्या बाजूने लागला, शिक्षणासाठीची सवलत कायद्यातच आहे म्हणून. पण प्रत्येक झेरॉक्सवाल्याने निकालपत्र वाचलेले नसते. पैसे घेऊ नका असे छापलेले पान पाहिले की तो बिचारा बाकीचे पुस्तकही बाजूला ठेवायचा.

“आणि क्लासवाल्याचं काय?” यांनी विचारले.

“त्यानं माझं नाव छापायला हवं, बदललं असेल तर तसं सांगायला हवं, आणि त्याची सुधारलेली पानंसुद्धा पोरांना पुढे वाटता आली पाहिजेत. फी तो शिकवण्याची घेतो ना? घेऊ दे.”

यांना ते पटले असे मी म्हणणार नाही. “बँकेत असं कर्ज मी मंजूर केलं नसतं,” एवढेच म्हणाले. मुख्य भीती दुसरीच होती आणि ती मलाही होती: एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर काढता येते, पण जी सुटली ती सुटली. सासरी धाडलेल्या लेकीसारखे म्हणवत नाही, कारण लेक निदान दिवाळीला येते!

प्रकाशकांना मी कळवले: मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी घ्या, बाकी पुस्तक खुले राहील. त्यांचे उत्तर सभ्य होते. फुकट मिळणारी वस्तू विकत कोण घेईल, असे त्यांनी विचारले. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच विचारले असते. चाळीस हजारांचा विषय तिथे संपला. त्या दिवशी ओट्याच्या फुटक्या कडेकडे मी बराच वेळ पाहत होते, हे लपवत नाही.

मग कामे भराभर झाली. मजकुराला नाव द्या आणि तसेच खुले ठेवा, हा परवाना. त्यातल्या नमुन्याच्या प्रोग्रॅमांवरचा हक्क मात्र पुरता सोडला. त्यासाठी २००९ पासून ‘सीसी झीरो’ म्हणून एक वेगळा मसुदा आहे. कुठल्या मुलाने माझ्या चार ओळी घेऊन काकाच्या किराणा दुकानाचे बिल बनवले, तर त्या बिलावर माझे नाव कशाला?

प्रकाशक आता मीच. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. शिवाय १९५४ चा एक कायदा सांगतो की, प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत आपल्या खर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ग्रंथालयांना धाडावी. हे यांना कळल्यापासून घरात उत्साह आहे. चार पुड्यांसाठी ब्राउनपेपर आणि सुतळी आणून ठेवली आहे. पुस्तक छापून व्हायचे आहे.

तीनशे प्रती काढायच्या, असे ठरले. किंमत किती ठेवायची यावर अजून एकमत नाही. हे एकशेऐंशी म्हणतात, मी दीडशे. छापखान्याने भाऊबीजेपर्यंत कळवा म्हणून सांगितले आहे.