कथलाचा थेंब आणि कारखानदारीची अब्रू

तांब्यापितळेची भांडी घरोघरी वापरात होती त्या काळी आळीत येऊन भाता लावणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या कामातील क्रम आजही आठवत असेल: भांडे निखाऱ्यावर तापवायचे, त्यावर नवसागराची पूड टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी तापल्या बुडाला नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील एका हातात सर्वत्र फिरवायचे. नवसागराने तांब्यावरचा गंज निघून जातो, २३२ अंश सेल्सिअसला वितळलेले कथील उघड्या पडलेल्या तांब्याशी संयोग पावते आणि दोहोंच्या सीमेवर एका नव्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर झाला नाही, तर कथील अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन घरंगळून जाते. कल्हईवाल्याला या संयुगाचे नाव ठाऊक नसेल, परंतु ते केव्हा जमले आणि केव्हा फसले हे त्याची नजर अचूक ओळखत असे. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात विद्युतमंडलाच्या पाटीवर सुटे भाग जोडताना आज जे घडते ते रसायनदृष्ट्या हेच आहे. फरक एवढाच की तेथील थेंब मोहरीहून लहान असतो आणि त्याच्यावर धावत्या वाहनातील माणसाचा जीव अवलंबून असतो.

पिंपरी-चिंचवडची घडण मुख्यतः लोखंडाच्या संस्कारात झाली. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे लेथ, प्रेस, भट्ट्या व घण यांचा जो घोष सुरू झाला त्यातून कुशल कामगारांच्या दोन-तीन पिढ्या निपजल्या. १९७२ मध्ये बाजारात आलेली चेतक स्कूटर ही त्या पिढ्यांची वस्तू होती. तिचा बिघाड कानाने ऐकू येत असे आणि पान्याने दुरुस्त होत असे. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला उभे राहिले, २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले, आणि वाहनाचा प्राण हळूहळू पोलादातून निघून विद्युतपाट्यांवरील असंख्य सांध्यांत जाऊन बसला. आपली विद्या मात्र पोलादापाशीच रेंगाळली आहे. ज्याला जुने कारागीर डाख म्हणत आणि आज सोल्डर म्हणतात, त्या मऊ, हलक्या, चटकन वितळणाऱ्या मिश्रधातूकडे किरकोळ जिन्नस म्हणून पाहण्याची वृत्ती या पट्ट्यात खोल रुजलेली आहे, आणि ती आता सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा मिश्रधातू किरकोळ नाही, हे त्याच्या स्वभावावरूनच ध्यानात येते. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु सुमारे ६२ भाग कथील आणि ३८ भाग शिसे एकत्र केले, की ते मिश्रण अवघ्या १८३ अंशांना, म्हणजे दोन्ही घटकांहून लवकर, आणि तेही मधल्या चिखलासारख्या अवस्थेत न रेंगाळता एकदम वितळते. सूक्ष्मदर्शकाखाली या धातूत कथील आणि शिसे यांचे बारीक पदर आलटूनपालटून रचलेले दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी हाच डाख वापरला आणि चकाकणारा, गुळगुळीत सांधा म्हणजे उत्तम सांधा, हा दस्तूर त्यातूनच पडला.

शिसे विषारी, विशेषतः बालकांच्या मेंदूला घातक; म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील त्याच्या वापरावर निर्बंध घातले, आणि भारतातील ई-कचऱ्याच्या नियमांनीही त्यांच्या कक्षेतील उपकरणांच्या घटकांत शिशाचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंत मर्यादित केले. त्याच्या जागी आलेल्या मिश्रधातूंपैकी सर्वांत प्रचलित असा जो आहे, त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे असते आणि तो २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतो. याचा निर्दोष सांधाही बहुधा किंचित मळकट व खरखरीत दिसतो. म्हणजे ज्या चकाकीवर तपासनीसाची नजर घडली, ती चकाकीच आता भरवशाची साक्षीदार राहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट लोखंडात वाढलेल्या माणसाला चटकन पटत नाही. धातूला किती उष्ण वाटते, हे त्याच्या स्वतःच्या वितळबिंदूशी तुलना करून ठरवावे लागते. निरपेक्ष तापमानात मोजले तर पुण्याच्या सौम्य दुपारी, २७ अंशांना, हा सोल्डर आपल्या वितळबिंदूच्या सहा दशांशांपर्यंत पोहोचलेला असतो. लोखंडाला त्याच अवस्थेत न्यायचे तर ते सुमारे ८३० अंशांपर्यंत, लालबुंद होईतो तापवावे लागेल. इंजिनाशेजारी १२५ अंशांत बसलेल्या सोल्डरची स्थिती तर घणाखाली घातलेल्या, बाराशे अंशांच्या लोखंडासारखी असते. अशा धातूत अणू स्वस्थ बसत नाहीत: बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, तांब्याच्या सीमेवरचा संयुगाचा थर वर्षानुवर्षे जाड होत जातो, आणि जो थर पातळ असताना सांध्याचा आधार होता तोच जाड झाल्यावर ठिसूळ होऊन त्याचा वैरी ठरतो. त्यात सुट्या भागांतील सिलिकॉनच्या तुलनेत पाटीवरचे तांबे उष्णतेने सहापटींहून अधिक पसरते आणि कथलाचा स्फटिकही एका दिशेने दुसऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट पसरतो. त्यामुळे गाडी तापली-निवली की प्रत्येक वेळी हा इवलासा सांधा दोहों बाजूंनी ओढला जातो आणि एक दिवस, बाहेरून काहीही न दिसता, आतून तडकतो.

त्याचे आयुष्य बव्हंशी भट्टीतून बाहेर पडल्यावरच्या थोड्या सेकंदांत ठरते. वेगाने निवला तर रचना बारीक व चिवट होते, रेंगाळत निवला तर चांदी-कथलाच्या संयुगाचे मोठे पत्रे त्यात वाढतात, आणि वायू अडकून राहिला तर आत पोकळ्या उरतात. हे सारे पाहायचे तर सांधा कापावा लागतो, राळेत बसवून आरशासारखा घासावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत हा शिरस्ता असतो. परंतु त्यांना माल पुरवणाऱ्याला माल पुरवणारा, आठ-दहा माणसांचा जो गाळा असतो, त्याच्या दफ्तरात भट्टीच्या तापमानाचा आलेख आणि दराचे पत्रक याखेरीज फारसे काही नसते. दोष त्याचा नाही. खरेदीखाते त्याच्याकडे दर मागते, सांध्याचे छायाचित्र मागत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, चिंचवडचे ऑटो क्लस्टर आणि चाकणमधील एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचे केंद्र यांसारख्या संस्था या पट्ट्यात आहेतच; सांधा कापून तपासण्याची सोय लहान गाळेधारकाला परवडेल अशा दरात आणि मराठी अहवालासह देण्याची तजवीज शासन, महापालिका व उद्योजक संघटना यांनी मिळून करावी. दुसरी, प्रत्येक मोठ्या खरेदीदाराने पुरवठ्याच्या करारात अशा तपासणीची अट घालावी आणि तिचा खर्च दरात मान्य करावा. खर्च न देता घातलेली अट ही केवळ जबाबदारी खाली ढकलण्याची युक्ती ठरते. तिसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्याला सोल्डरिंगची कांडी हाती देताना त्याने केलेला सांधा एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावा, आणि शिशाचा डाख अजून वापरणाऱ्या दुरुस्तीच्या दुकानांतील मुलांना धूर ओढून घेणारा पंखा आणि जेवणापूर्वी हात धुण्याची शिस्त लावावी. ज्याने आपल्या हातचा सांधा आतून पाहिला, तो पुढे त्याकडे किरकोळ म्हणून पाहणार नाही.

कल्हईवाल्याचे भांडे त्याच्या डोळ्यांसमोर गृहिणीच्या हाती जाई, आणि कल्हई फसली तर दुसऱ्याच दिवशी ताक कळकून त्याची अब्रू जाई. आजच्या सांध्याचा न्याय पाच-सात वर्षांनी, एखाद्या घाटात, पावसाळी रात्री होतो, आणि तेव्हा तो सांधा करणारा कामगार तेथे नसतो. म्हणूनच तो न्याय कारखान्याच्या दारातच, माल बाहेर पडण्यापूर्वी झाला पाहिजे. तेवढी व्यवस्था करणे या पट्ट्याच्या आवाक्यात आहे आणि त्याचे ते कर्तव्यही आहे.